इंजिन डॅलसला, मेकॅनिक मेलमध्ये

परवा शनिवारी सकाळी साडेदहाला (म्हणजे आमच्या शनिवारच्या हिशेबाने पहाटेच) मन्याचा फोन आला. मन्या म्हणजे आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधला गाडीवेडा. सध्या डॅलसला असतो. तिकडे तेव्हा बरोब्बर मध्यरात्र.

"तू दिवसभर लॉग वाचतोस ना?"

"हो. पगार त्याचाच मिळतो."

"मग काही सीएसव्ही पाठवतोय त्या वाच. आणि माझं नक्की काय चुकलं ते सांग."

ह्या फायली कुठल्या सर्व्हरच्या नव्हत्या. मन्याच्या गाडीच्या इंजिनच्या होत्या. तेच इंजिन जे गेल्या जुलैत भर उन्हात, बायको आणि दीड वर्षांची पोरगी गाडीत असताना, ॲरिझोनातल्या हायवेवर गेलं. म्हणजे कायमचं गेलं. सगळा शनिवार मी त्या फायलींत घालवला, आणि त्यातून जे वाटलं ते लिहितोय.

आधी थोडा फंडा. गाडीतलं कळणाऱ्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.

आजच्या कुठल्याही गाडीत ईसीयू नावाचा कॉम्प्युटर असतो. किती पेट्रोल फवारायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, टर्बोने किती दाब द्यायचा हे तो ठरवतो. ठरवतो म्हणजे फार डोकं चालवत नाही, तक्त्यात बघतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा लोड, आणि चौकटीत आकडा. आपली एक्सेल शीटच म्हणा ना. ह्या तक्त्यांच्या संचाला मॅप म्हणतात. बॉशने १९७९ मध्ये मोट्रॉनिक नावाची यंत्रणा बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये बसवली आणि ठिणगी नि पेट्रोल दोन्ही एकाच डिजिटल कंट्रोलरच्या ताब्यात गेलं. तेव्हापासून जास्त पॉवर हवी असेल तर पान्यापेक्षा लॅपटॉप कामाचा झाला.

आता रिमोट ट्यूनिंग. डॅशबोर्डखाली गुडघ्याजवळ ओबीडी नावाचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-टू सक्तीचं झालं, ते प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला तर कळावं म्हणून. त्याच सॉकेटात एक यंत्र जोडायचं, ट्यूनरने मेल केलेला मॅप गाडीत चढवायचा, आणि मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबून रेडलाइनपर्यंत जायचं. तेवढ्या वेळात इंजिनच्या डझनभर आकड्यांचा लॉग तयार होतो. तो ट्यूनरला पाठवायचा. तो शेकडो मैलांवर बसून लॉग वाचतो, दोनचार चौकटी बदलतो आणि नवी फाईल पाठवतो. पुन्हा रस्ता, पुन्हा लॉग. पाचसहा आवृत्त्यांनंतर मेल येतो, "फायनल". ट्यूनरने गाडीला हातही लावलेला नसतो.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच होतो. अरे, हे तर आपलंच काम! क्लायंट तिकडे, आपण इकडे, मध्ये लॉग आणि पॅच. सही वाटलं होतं. त्यामुळे मन्याचं इंजिन गेल्याचं कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडं स्वतःवरच आल्यासारखं वाटलं.

तर झालं असं. मन्याने एक जपानी टर्बो गाडी घेतली. ती जानेवारीत एका ट्यूनरकडून लांबूनच ट्यून करून घेतली. सात आवृत्त्या झाल्या. गाडी म्हणे भन्नाट पळायला लागली. फेब्रुवारी ते जून काही तक्रार नाही. जुलैत हे तिघं डॅलसहून फिनिक्सला निघाले. हजारेक मैलांचा रस्ता. दुसऱ्या दिवशी दुपारी ॲरिझोनात शिरल्यावर त्याने टाकी भरली आणि पुढे निघाला.

त्याच्या ईसीयूत एक आकडा असतो. सगळं आलबेल असेल तर तो १ असतो. इंजिनमध्ये 'नॉकिंग' वाढलंय असं वाटलं की ईसीयू तो आकडा उतरवतो, म्हणजे ठिणगी जरा मागे खेचून सावधपणे चालायला लागतो. नॉकिंग म्हणजे काय, तर ठिणगीने लावलेली ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण उष्णतेने नि दाबाने आपणहून पेटतं. तो दणका पिस्टनला बसतो. एखादा दणका इंजिन पचवतं, रोजचा मार नाही पचवत.

शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, "अरे, हा आकडा एकचा पॉइंट सात झालाय."

मन्या म्हणाला, "ऊन आहे ना, होतं तसं."

होतं तसं! हे वाक्य आम्ही सपोर्टवाल्यांनी किती वेळा ऐकलंय, आणि किती वेळा म्हटलंय. पुढे एका लांब चढावर त्याने वरच्या गिअरमध्येच ट्रकला ओव्हरटेक करायला पॅडल दाबलं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, गाडी थरथरली आणि खांद्यावर उभी राहिली. टो ट्रक यायला दोन तास लागले. बाहेर ४३ डिग्री, एसी बंद, पोरगी रडतेय. मन्या म्हणतो, "इंजिनचं दुःख नंतर झालं रे. ते दोन तास मी तिच्या तोंडाला पाणी लावत बसलो होतो."

चौथ्या सिलिंडरचा पिस्टन रिंगांच्या खाचेपाशी तुटला होता. गाडी वॉरंटीत होती, पण सॉफ्टवेअर बदललंय हे डीलरला कळलं आणि विषय संपला. नव्या इंजिनचे पैसे मन्याच्या खिशातून.

ही गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच असतं. "गाडी न बघता, मेलवर कोण ट्यून करून घेतं का?" मन्याचे वडील तर म्हणाले, "डॉक्टर तरी निदान नाडी बघतो." मला हे पटत नाही. आणि ते का, हाच आजचा मुद्दा.

मी ते सातही लॉग एकत्र लावून पाहिले. आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या कॉलमवर फिल्टर लावला आणि डोक्यात प्रकाश पडला. सगळे लॉग जानेवारीतल्या रात्रीचे! रस्ता मोकळा मिळावा म्हणून मन्या रात्री अकरानंतर बाहेर पडायचा. थंड हवा दाट असते, तिने टर्बो खूश, आणि नॉकिंगची शक्यता कमी. सातही वेळा पेट्रोल एकाच पंपावरचं, ९३ ऑक्टेनचं. सातही वेळा गाडीत एकटा मन्या. तिसरा गिअर. सपाट रस्ता. ह्या परिस्थितीसाठी तो मॅप खरंच उत्तम होता, त्यात मला तरी चूक दिसली नाही.

जुलैत काय बदललं? हवा तापली. गाडीत तीन माणसं आणि डिकी भरून सामान. चढ. वरचा गिअर, कमी आरपीएम आणि पूर्ण पॅडल, म्हणजे टर्बो इंजिनसाठी सगळ्यात नाजूक जागा. आणि पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, कारण ॲरिझोना, कॅलिफोर्निया, नेवाडा ह्या भागात प्रीमियम म्हणून साधारण तेच मिळतं. रिमोट ट्यूनिंगच्या धंद्यात ही गोष्ट इतकी माहितीची आहे की कॉब नावाची नावाजलेली कंपनी तिच्या तयार मॅपमध्ये ह्या तीन राज्यांच्या ९१ साठी वेगळी फाईल द्यायची.

आता समजा मन्या स्वतः गाडी घेऊन ट्यूनरच्या गॅरेजमध्ये गेला असता. गाडी डायनोच्या रोलरवर चढली असती, समोर भलामोठा पंखा लावला असता, आणि दुपारभरात काम संपलं असतं. तिथेही जानेवारीच असता, ९३ चंच पेट्रोल असतं, आणि डिकी रिकामी असती. म्हणजे जुलै तिथेही आला नसता. एक फरक मात्र मान्य करायला हवा. रोलरवर पॅडल दाबताना समोर कुणी रस्ता ओलांडत नसतं. सार्वजनिक रस्त्यावर रात्री रेडलाइनपर्यंत गाडी ताणणं हा रिमोट ट्यूनिंगमधला शुद्ध मूर्खपणा आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही.

बाकी लांबून काम केल्याचा एक फायदाच असतो. सगळं लिहून ठेवावं लागतं. गॅरेजमध्ये उस्ताद कानाने ऐकून "आता बरोबर आहे" म्हणतो, त्याचा मागमूस राहत नाही. मन्याचे सात लॉग आहेत, सात फायली आहेत, सात मेल आहेत. म्हणून तर मला, गाडीतलं फारसं न कळणाऱ्या माणसाला, हजारो मैलांवर बसून काय झालं ते दिसू शकलं.

मग चुकलं कुठे? जिथे आपल्या प्रोजेक्टमध्ये चुकतं तिथेच. टेस्ट डेटा प्रॉडक्शनसारखा नव्हता. "फायनल" हा शब्द सात रात्रींच्या जिवावर वापरला गेला. मॉनिटरिंग होतं, अलर्टही आला, पण अलर्ट आल्यावर काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. सातव्या मेलच्या शेवटी ट्यूनरने एक ओळ लिहिली होती की हा मॅप फक्त ९३ साठी आहे. मन्याने ती वाचली नव्हती. मीही रिलीज नोट्स शेवटपर्यंत वाचत नाही, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवणार! पण ज्या ओळीवर इंजिन अवलंबून आहे ती मेलच्या तळाशी लिहून ट्यूनर मोकळा होतो का? माझ्या मते नाही. 'फायनल' म्हणायच्या आधी "उन्हाळ्यात परत एक लॉग पाठव" एवढं म्हणायला काय जात होतं? पैसे तर पूर्ण घेतले होते.

इथे आणखी एक गोष्ट कळते. कंपनी मूळ मॅपमध्ये जी ढील सोडते तिला गाडीवेडे लोक "लपवलेली पॉवर" म्हणतात. जणू कंपनीने आपलं काहीतरी चोरून ठेवलंय. ती ढील म्हणजे जुलै असतो हो! भिकार पेट्रोल, तापलेली हवा, वेळेवर न बदललेलं ऑइल, डिकीतलं सामान, आणि प्रदूषणाचे नियम, ह्या सगळ्यांसाठी राखून ठेवलेली जागा. ट्यूनर ती जागा वापरतो. वापरावी की, गाडी आपली आहे. पण रिकामी होती म्हणून नव्हे, कुणासाठी तरी राखलेली होती हे माहीत असून वापरावी.

"लांबून गाडीचं सॉफ्टवेअर बदलणं धोक्याचं" असं ज्या कंपन्या म्हणतात त्या स्वतः काय करतात तेही बघा. २०१८ च्या मे महिन्यात कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या चाचणीत टेस्लाच्या मॉडेल थ्रीला ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले. टेस्लाने इंटरनेटवरून अपडेट पाठवलं आणि तेच अंतर १३३ फुटांवर आलं. ब्रेक, मंडळी! घरी उभ्या असलेल्या गाडीचे. पुढच्याच वर्षी २००० डॉलर भरून त्याच गाडीचा वेग पकडायचा दम वाढवून मिळायला लागला. मर्सिडीझने २०२२ मध्ये अमेरिकेत तिच्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी जास्त ॲक्सलरेशन वर्षाच्या वर्गणीवर जाहीर केलं. आणि २००७ साली जपानात आलेली निस्सान जीटी-आर तर रेसट्रॅकवर पोचल्याचं जीपीएसवरून ओळखूनच १८० चा लिमिटर काढू द्यायची. म्हणजे लांबून ट्यूनिंग सगळेच करतात. फरक एवढाच की कंपनी चुकली तर रिकॉल काढावा लागतो, आणि मेलमधला ट्यूनर चुकला तर आपण टो ट्रकची वाट बघतो.

म्हणून माझं मत असं की गाडीच्या मालकाला सॉफ्टवेअर बदलायचा हक्क हवा. अमेरिकेत २०१५ मध्ये कॉपीराइट कायद्यातून ह्यासाठी सूट देण्यात आली. कंपन्यांनी विरोध केला होता, तरी दिली. पण त्या सुटीतच लिहिलं होतं की प्रदूषण आणि सुरक्षेचे नियम मोडता येणार नाहीत. आणि इथे माझं मन्याच्या गँगशी भांडण आहे.

ह्या सगळ्या मेलामेलीत मालक आणि ट्यूनर असे दोघेच असतात. धूर ज्याच्या नाकात जातो तो तिसरा माणूस सीसीमध्ये नसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायचा, आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की चेक इंजिनचा दिवा लावू नकोस. म्हणजे जे सॉकेट प्रदूषण कळावं म्हणून बसवलं, त्यातूनच ते लपवायची सोय. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये हिशेब मांडला तेव्हा आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण यंत्रणा अशी निकामी केलेली निघाली. कॉबने २०२२ मध्ये आपल्या यंत्रातल्या अशा काही सोयी काढून टाकल्या, आणि २०२४ मध्ये जुन्या प्रकरणात सुमारे २९ लाख डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं.

कुणी म्हणेल, फोक्सवॅगनने काय केलं? बरोबर आहे. २०१५ मध्ये उघड झालं की जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत, चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर होतं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि त्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. अमेरिकेत जेम्स लियांग ह्या इंजिनिअरला २०१७ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली. रिक्वायरमेंटमध्ये होतं म्हणून कोड लिहिला, हे उत्तर कोर्टात चालत नाही. पण मोठ्यांनी केलं म्हणून आपणही करावं, हे उत्तर तर पोरगी शाळेतून घेऊन आली तरी आपण ऐकून घेणार नाही.

आपल्याकडेही टर्बो पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे असे रिमॅप सर्रास होतात, म्हणून दोन गोष्टी. एक, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी नडू शकतो. दोन, परदेशातून आलेला मॅप आंधळेपणाने चढवू नका. पंपावरचा ऑक्टेनचा आकडाही तिकडचा नि इकडचा एक नसतो. अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी लिहितात, आपण त्यातली एकच, आरओएन, लिहितो. त्यात आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. पेट्रोल बदललं की तक्ता बदलतो.

मन्याच्या गाडीत आता नवं इंजिन आहे आणि कंपनीचंच सॉफ्टवेअर. पण सगळं ऐकून झाल्यावर गडी हळूच म्हणाला, "मग परत करू का रे? लांबूनच?"

मी म्हटलं, कर. पण ट्यूनरला पैसे द्यायच्या आधी विचार की ऑगस्टमधल्या दुपारचा लॉग मागणार आहेस का. मूळ फाईल आणि कमी ऑक्टेनची फाईल दोन्ही त्या यंत्रात ठेव. कन्व्हर्टरला हात लावू नकोस. लॉग काढायला ट्रॅकवर किंवा रोलरवर जा. आणि तो आकडा एकच्या खाली आला की कुणाचं ऐकायचं हे आधीच ठरव.

"कुणाचं?"

"बायकोचं. तिने वाचला होता ना लॉग, सगळ्यात आधी."

तिकडून दोन सेकंद काही आवाज नाही. मग म्हणाला, "हे तिला सांगू नकोस."

असो. शनिवार संपला, उद्या सोमवारचं रिलीज आहे. टेस्ट डेटा कुठल्या महिन्यातला आहे ते एकदा बघून घेतो.